गावाहून रोज अप-डाऊन करून नागपूरच्या कमी फीच्या कॉलेजात बीएस्सी केलं तर खरंच काही शिकायला मिळतं का?

तू प्रश्नात लिहिलं आहे की गाव कुहीच्या पुढे आहे, बारावी सायन्सला 61 टक्के आहेत, घरून हॉस्टेलचे पैसे निघणार नाहीत, नागपुरातल्या एका साध्या कॉलेजात नंबर लागला आहे आणि घरी-दारी सगळे सांगून राहिले की अप-डाऊनवाल्यांना काही येत नाही, नुसता डिग्रीचा कागद हातात येतो. मी हेच केलं आहे, 2021 ते 2024, पूर्ण तीन वर्षं, सीबीझेड, म्हणजे केमिस्ट्री-बॉटनी-झूऑलॉजी ग्रुप घेऊन, म्हणून सविस्तर लिहिते. तू लहान बहिणीसारखी आहे म्हणून तूच म्हणते, राग नको मानू.

शिकायला मिळतं. पण कॉलेजची फी जेवढी बारकाईने विचारली ना, त्याच्या दुप्पट बारकाईने बसची वेळ आणि कॉलेजचं टाइमटेबल विचार, कारण अप-डाऊनवाल्या पोरीचं शिक्षण तिथेच बनते किंवा बिघडते, आणि हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

माझं गाव उमरेड-भिवापूर रोडवर, उमरेडच्या थोडं पुढे. आई मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे जिथे मिरची साफ करतात तिथे, देठं काढायला जायची, आमच्या भागातल्या निम्म्या बाया तेच करतात, तुझ्या इकडे मांढळलाही सातरे आहेत म्हणजे तुला माहीत असेल की संध्याकाळी घरी आल्यावर त्या बायांच्या हाताची कशी आग होते, गार पाण्यात हात बुडवून बसावं लागते. बाबांची थोडीशी शेती. पूर्वी आमच्याकडून छोटी रेल्वे होती, इतवारी ते नागभीड, नॅरोगेजवाली, माझे काका त्याच गाडीने कॉलेजला गेले, ती 2019 च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी बंद झाली, म्हणजे माझ्या वेळेला फक्त एसटी. सकाळी सव्वासहाला गावाच्या फाट्यावर उभं राहायचं, उमरेड, मग दिघोरी नाका, मग गणेशपेठचं बसस्टँड, तिथून शेअर ऑटोने कॉलेज. जायला दोन तास, यायला दोन तास. चार तास रोजचे, आणि त्यातला अर्धा वेळ उभ्याने.

आधी पैशाचं सांगते, कारण तू तेच विचारलं आहे. एकाच कॉलेजात, एकाच गेटच्या आत, अनुदानित तुकडी आणि विनाअनुदानित तुकडी अशा दोन्ही राहतात. अनुदानितची फी काही हजारांत होते, आणि तोच कोर्स विनाअनुदानित तुकडीत किंवा कॉम्प्युटर सायन्स, बायोटेक असा विषय घेऊन केला की फी कितीतरी पटीने वाढते. माझ्यासोबतच्या एका मुलीला हे फॉर्म भरताना माहीत नव्हतं, तिने ग्रुप निवडला आणि फीची पावती पाहून तिचे बाबा ऑफिसच्या खिडकीजवळच खाली बसले. म्हणून नंबर लागला म्हणजे कोणत्या तुकडीत लागला ते आधी विचार. शिष्यवृत्तीला तू पात्र असशील, जातीनुसार भारत सरकारची किंवा आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू महाराजवाली, तर अॅडमिशनच्या दिवशी पूर्ण फी भरायची आहे की कमी, ते पण खिडकीवर स्पष्ट विचारून घे, लाजू नको.

महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी वेबसाइटवरचा फॉर्म भरून झाला म्हणजे काम झालं असं समजू नको. माझा पहिल्या वर्षीचा फॉर्म कॉलेजच्या लॉगिनमध्येच अडकून पडला होता, उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो धूसर आहे म्हणून परत पाठवलेला, आणि मला कोणी सांगितलं नाही, मी आपली मेसेजची वाट पाहत बसले. शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी सहज वेबसाइट उघडली तेव्हा दिसलं. मग दोन दिवस ऑफिसच्या रांगेत, दोन्ही दिवस सव्वापाचची बस गेली, एक दिवस घरी पोचायला साडेनऊ झाले, आणि बाबा फाट्यावर टॉर्च घेऊन उभे होते. तेव्हा दर आठ दिवसांनी लॉगिन करून फॉर्म कुठपर्यंत गेला ते स्वतः पाहायचं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जूनमध्येच काढून ठेव, बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे की नाही ते बँकेत जाऊन विचार, आणि पैसे मंजूर होतात तेव्हा वेबसाइटवर रिडीम करायचं, म्हणजे खात्यात मागवून घ्यायचं राहिलं नाही ना तेही पाहा.

पासचं: एसटीत विद्यार्थ्यांना महिन्याचा पास सवलतीत मिळतो, साधारण एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. 17 मार्च 2023 पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हा आमच्या बसमधल्या बऱ्याच मुली म्हणाल्या, आता पास कशाला काढायचा. पण हिशोब कर, अर्ध्यापेक्षा एक तृतीयांश कमीच होते, रोज जाणारीला पासच परवडतो. फक्त तेव्हापासून बसमध्ये बायांची गर्दी वाढली, बाजाराला, दवाखान्यात जाणाऱ्या बाया आता मोकळेपणाने निघतात, ते चांगलंच झालं, पण सकाळी जागा मिळायची बंद झाली. पाससाठी कॉलेजचं बोनाफाईड लागते. त्याच्या तीन-चार झेरॉक्स जवळ ठेव, आणि पास पावसाळ्यात जाड प्लास्टिकच्या पाकिटात ठेव, माझा पहिला पास ओला होऊन त्यावरची तारीख पुसली आणि कंडक्टर काकांनी पूर्ण तिकीट फाडलं, त्यांचंही बरोबर होतं.

आता ते वेळेचं. पहिल्या वर्षी माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल दुपारी अडीच ते साडेचार होतं आणि माझी बस स्टँडवरून सव्वापाचची. मध्ये शेअर ऑटो भरायची वाट पाहायची, मग कॉटन मार्केटकडची गर्दी. म्हणजे मला चार वाजताच निघावं लागायचं. त्या दिवशी टायट्रेशन होतं. ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली कॉक असलेल्या काचेच्या उभ्या नळीत सोडियम हायड्रॉक्साइड, खाली फ्लास्कमध्ये अॅसिड, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. ब्युरेटमधून थेंब-थेंब सोडायचं आणि फ्लास्क हलवत राहायचा, गुलाबी रंग येतो आणि हलवला की जातो, येतो आणि जातो, आणि मग एका थेंबाला तो फिकट गुलाबी तसाच राहतो, तिथे थांबायचं. मी घड्याळ पाहिलं, पावणेचार, आणि कॉक जरा जास्त उघडला. पूर्ण फ्लास्क भडक गुलाबी, राणी कलरसारखा. परत केलं, परत भडक. तिसऱ्या वेळी बाजूच्या मुलीचं रीडिंग वहीत उतरवलं आणि बॅग उचलली.

सर दाराजवळच उभे होते. ते तासिका तत्त्वावरचे, म्हणजे कायम नोकरी नाही, तासाप्रमाणे पैसे, आणि ते पण दोन कॉलेजांत शिकवायचे. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी वही पाहिली आणि विचारलं, कोणत्या गावची तू? मी सांगितलं. बस किती वाजताची? तेही सांगितलं. मग म्हणाले, "पोरी, बसच्या घाईत सोडलेला थेंब परत ब्युरेटमध्ये जात नाही. तू सोमवारच्या सकाळच्या बॅचमध्ये ये, मी नाव बदलून घेतो." आणि खरंच बदलून घेतलं, एचओडींकडे, म्हणजे विभागप्रमुखांकडे स्वतः जाऊन. माझ्यासोबत अजून चार जणांचं, एक काटोलचा, एक रामटेकचा, दोघी मौद्याच्या. इतके दिवस आम्ही पाच जण प्रॅक्टिकल अर्धवट टाकून पळत होतो आणि कोणीच तोंड उघडलं नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटायचं की आपलीच अडचण आहे, कॉलेजला काय त्याचं. म्हणून तुला सांगते, पहिल्या आठवड्यातच ज्या सर-मॅडमचं प्रॅक्टिकल आहे त्यांना जाऊन आपल्या बसची वेळ सांग. सगळे ऐकतीलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कोणालाच कळत नाही की तू कुठून येते.

या साध्या कॉलेजांतलं एक खरं दुखणं हेच आहे की कायम प्राध्यापकांच्या जागा भरलेल्या राहत नाहीत आणि अर्धं शिकवणं तासिका तत्त्वावरच्या लोकांवर चालते. त्यांचा पगार महिने-महिने थकतो. वर्ष मध्यात असताना एखादी मॅडम दुसरीकडे लागून जाते आणि त्या विषयाचा युनिट तसाच राहून जातो, आमचं झूऑलॉजीत असं झालं, ते युनिट आम्ही जुन्या पुस्तकांवरून स्वतः केलं. पण मला ज्यांनी खरोखर शिकवलं ते पण बहुतेक हेच लोक. ते स्वतः अप-डाऊन करायचे, डबा बसमध्ये खायचे, म्हणून त्यांना आमची हालत न सांगता समजायची. तर कॉलेजचं नाव मोठं नाही म्हणजे शिकवणारे कच्चे, हे डोक्यातून काढून टाक.

माझं पहिलं वर्ष तर विचारूच नको. आमची बारावीची परीक्षाच झाली नव्हती, कोरोनामुळे. 20 ऑक्टोबर 2021 ला कॉलेजं प्रत्यक्ष सुरू झाली, मी नवीन बॅग घेतली, आणि थोड्याच दिवसांत एसटीचा संप. तो एप्रिल 2022 पर्यंत चालला, मध्ये जानेवारीत परत ऑनलाइन झालं. कंडक्टर-ड्रायव्हर काकांबद्दल मला एक शब्द वाईट बोलायचा नाही, आमच्याच गावातले दोघं संपावर होते, त्यांच्या घरात काय चाललं होतं ते आम्ही पाहत होतो. पण कॉलेज काही थांबलं नाही. काळीपिवळी जीपमध्ये एका सीटवर तिघी बसून जायचो, एका बाजूचे जेवढे पैसे लागायचे तेवढ्यात पासवर आठवडा निघाला असता. शेवटी नागपुरात नंदनवनला मावशीकडे तीन महिने राहिले, त्यांच्या दोन खोल्यांत ते चार जण आणि मी पाचवी. मावशीने कधी तोंड वाकडं केलं नाही. पण रात्री लाइट लावून वाचायची सोय नव्हती, तेव्हा मोबाइलच्या उजेडात बाथरूमच्या पायरीवर बसून वाचलं आहे. गेल्या वर्षी माझ्या चुलत बहिणीने हेच विचारलं तेव्हा मी तिला पहिले हेच म्हटलं की नागपुरात एक तरी घर असं पाहून ठेव जिथे अडल्या रात्री जाता येईल, नातेवाईक असो की मैत्रीण.

तशा रात्री येतातच. पाऊस राहतो, नाल्याला पूर राहतो, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन राहते. 2022 च्या डिसेंबरात मी पहिल्यांदा पाहिलं ते, यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवतात, बर्डीचे, म्हणजे सीताबर्डीचे रस्ते बंद, ऑटो फिरून-फिरून जातात. त्या दोन आठवड्यांत मी बर्डीहून स्टँडपर्यंत पायीच जायची. एका संध्याकाळी अंगणवाडीच्या बायांच्या घोळक्यातून वाट काढत चालले होते, त्यातली एक आमच्याच तालुक्यातली निघाली, तिने मला हाताला धरून गर्दीच्या बाहेर काढलं आणि आपल्या पिशवीतली पोळी-चटणी दिली. तुझ्या कॉलेजजवळ मेट्रोचं स्टेशन असेल तर ते पाहून ठेव, मेट्रोला मोर्च्याची अडचण नाही, सीताबर्डीला दोन्ही लाइन मिळतात.

आणि आता जे कोणी लिहीत नाही ते लिहिते. आम्ही मुली सकाळी पाणीच प्यायचो नाही. दोन तास बस, स्टँडवरची बाथरूम तशी, कॉलेजमध्ये मुलींचं एकच चांगलं आणि त्याला कुलूप, किल्ली शिपाई काकांकडे. मार्च-एप्रिलच्या उन्हात पाणी न पिता राहणं म्हणजे काय, मला दुसऱ्या वर्षी युरिन इन्फेक्शन झालं, ताप, सलाइन, आठ दिवस गेले. मग आम्ही आठ-दहा मुली मिळून एका मॅडमजवळ गेलो, त्यांनी किल्ली कॉमन रूमच्या खिळ्याला टांगून ठेवायची व्यवस्था केली. एवढंच. एका किल्लीची गोष्ट होती आणि दीड वर्ष आम्ही गप्प होतो. तू पाणी पी, आणि पहिल्या दिवशी कॉमन रूम कुठे आहे ते शोध.

कॉमन रूमवरून आठवलं. दोन लेक्चरच्या मध्ये जो रिकामा तास राहतो, तोच तुझा अभ्यासाचा तास आहे, घरी जाऊन होत नाही, मी तीन वर्षं ठरवत होते आणि नाही झालं, साडेसातला घरी पोचलं की स्वयंपाक, भांडी, आणि डोळे मिटतात. नागपुरातल्या मुली त्या तासाला कॅन्टीनमध्ये जायच्या किंवा घरी चक्कर मारून यायच्या. आम्ही गाववाल्या लायब्ररीच्या मागच्या टेबलावर. तिथेच आमचा ग्रुप बनला, सहा जणी, सगळ्या अप-डाऊनवाल्या, कोणाचं बॉटनी चांगलं, कोणाचं इंग्लिश. आम्ही एक पद्धत केली होती, प्रत्येकीने एक युनिट तयार करायचं आणि बाकीच्यांना तोंडी समजावून सांगायचं, नोट्स नाही द्यायच्या, समजावून सांगायचं. ते उमरेडपर्यंतच्या बसमध्येही चालायचं, मी एकदा मायटोसिसच्या, म्हणजे पेशी विभाजनाच्या स्टेजेस समोरच्या सीटवरच्या आजीला समजावल्या, त्या पूर्ण ऐकून म्हणाल्या, "म्हणजे एकाचे दोन होते, मंग तं बरं हाय." पुस्तकं बर्डीला जुन्या पुस्तकवाल्यांकडून घ्यायचो, एक सेट दोघींत, सेमिस्टर झालं की परत विकायचा.

परीक्षेचं सांगून ठेवते. उन्हाळी परीक्षा मे-जूनपर्यंत जाते आणि नागपूरचा मे तुला माहीत आहे, पारा 45 च्या वर, सेंटर आपल्या कॉलेजात येईलच असं नाही. परीक्षेच्या दिवसांत नेहमीच्या बसच्याही आधीची बस धरायची, दुपट्टा ओला करून डोक्याला, खिशात कांदा ठेवायला आई लावायची, मी ठेवायची. दुपारचा पेपर असेल तर अकरालाच पोचून सावलीत बसायचं. शेवटच्या वर्षी माझी बस दिघोरीच्या अलीकडे बंद पडली आणि मी पेपरला बारा मिनिटं उशिरा पोचले, हात थरथरत होता, पहिलं पान काय लिहिलं ते आजही आठवत नाही. त्यानंतरच्या सगळ्या पेपरच्या आदल्या रात्री मी मावशीकडे गेले.

तुझ्या वेळेला एक गोष्ट बदलली आहे. 2024-25 पासून नवीन शैक्षणिक धोरण कॉलेजांत आलं, आता मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक जोडीचा विषय, आणि वेगवेगळे छोटे-छोटे विषय, त्यामुळे एका दिवसाचं टाइमटेबल सकाळपासून संध्याकाळपर्यंत विखुरलेलं राहू शकते, माझी चुलत बहीण तेच भोगून राहिली, सकाळी साडेआठला एक लेक्चर आणि मग थेट दुपारी एकला. मायनर निवडताना तो विषय आवडतो का हे तर पाहाच, पण त्याचा तास किती वाजता आहे हे पण पाहा.

मी आता बुटीबोरीला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे, क्वालिटी कंट्रोलला. इंटरव्ह्यूला गेले तेव्हा कॉलेजचं नाव वाचून समोरच्या मॅडम काहीच बोलल्या नाहीत, त्यांनी सरळ लॅबमध्ये नेलं आणि टायट्रेशन करून दाखव म्हणाल्या. माझ्याआधी एक मुलगा होता, चांगल्या नावाजलेल्या कॉलेजचा, त्याचा फ्लास्क भडक झाला. मी कॉक धरला आणि मला सोमवारची सकाळची बॅच आठवली, सर मागे उभे आहेत असं वाटलं. तीन रीडिंग घेतली, तिन्ही जुळली. पहिला पगार झाला तेव्हा आईला सातऱ्यावर जाऊ नको म्हटलं, ती अजून सीझनला जाते, तिथे तिच्या मैत्रिणी आहेत म्हणते.

तुझ्या कुहीकडून सकाळी पहिली बस किती वाजता निघते आणि संध्याकाळी शेवटची किती वाजता आहे ते आधी लिहून काढ, मग कॉलेजात जाऊन मागच्या वर्षीचं टाइमटेबल माग, नोटीस बोर्डावर लावलेलं राहते, त्याचा फोटो काढ. दोन्ही कमेंटमध्ये टाक, प्रॅक्टिकलची कोणती बॅच मागायची ते आपण बसून पाहू. मी रविवारी घरी राहते, त्या दिवशी नक्की उत्तर देईन.